नुसता कापूर म्हणाले होते

गूळ पावडरच्या एका कारखान्याने मला फसवलं. मी कारखान्याला फसवलं नाही. माझ्या विटा चांगल्या होत्या, आणि त्यांच्या बॉयलरच्या भट्टीची कमान कोसळली ती विटांमुळे कोसळली नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण लोक अर्धं वाचून मत बनवतात आणि गेल्या हंगामापासून माझ्याबद्दल तसं मत बनवणारे पुष्कळ झाले आहेत.

माझा सुप्याला भट्टीच्या विटांचा छोटा कारखाना आहे. घराची वीट वेगळी आणि ही वीट वेगळी. माझी वीट पिवळसर असते, हाताला जड लागते. घराची वीट बॉयलरच्या भट्टीत लावली तर काही दिवसांत तिचा तोंडाकडचा भाग मेणासारखा ओघळायला लागेल. माझी माती गुजरातेतून ट्रकने येते. तिच्यात एकदा भाजलेल्या मातीचा चुरा मिसळायचा, प्रेसमध्ये दाबायची, सुकवायची आणि पुन्हा भाजायची. नीट भाजलेल्या दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की पितळेच्या भांड्यासारखा आवाज येतो. कच्ची असेल तर तो आवाज बसका येतो. माझ्याकडून गाडीत चढणारी प्रत्येक वीट वाजवून चढते. ते काम मी कुणावर सोडत नाही.

आमचं घर देवळाली प्रवराकडचं, शेतकरी. चार भावांत मी शेवटचा आणि उसाला पाणी द्यायला तीन भाऊ पुरेसे होते. मी दुसऱ्याच्या विटांच्या कारखान्यात माती वाहायला लागलो. प्रेस चालवायला शिकलो, मग भट्टी लावायला. पुढे एक बंद पडलेला प्रेस भंगाराच्या वजनावर घेतला, तोही भंगारवाल्याशी चार दिवस घासाघीस करून. त्याच्यावर अजून माल निघतो. मला कुणी दिलं नाही, त्यामुळे कुणी माझ्याकडून फुकट नेलं की माझं डोकं फिरतं. तो माझा स्वभाव आहे. बायको म्हणते, तुमच्या भट्टीला तरी दार आहे.

तर हा गूळ पावडरचा कारखाना. कोल्हारच्या अलीकडे रस्त्यापासून आत, नव्याने उभा राहिलेला. बॉयलर मात्र जुना, कुठून तरी उचलून आणलेला. त्याच्या भट्टीचं अस्तर पार उडालं होतं. भिंती आणि वरची कमान, सगळं नव्याने करायचं होतं. विटा माझ्या आणि गवंडीही माझे, असं ठरलं. दराची बोलणी कारखान्याच्या वर्क्स मॅनेजरशी झाली. शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस, बोलायला गोड. दरावरून आमची दोन बैठकांत घासाघीस झाली आणि दोन्ही वेळा मीच जिंकलो. पैशाबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. सगळे दिले त्यांनी, वेळेवर दिले. म्हणूनच लोक विचारतात, मग तुझं दुखणं काय? तेच सांगतोय.

विटा भाद्रपदात पोचल्या. मी त्या बॉयलरच्या शेजारी थप्पी लावून ठेवल्या आणि वर माझ्या घरची ताडपत्री टाकली. दहा दिवसांनी गवंडी घेऊन गेलो तर ताडपत्री नाही. कुठे गेली म्हणून विचारलं तर कारखान्याच्या गणपतीच्या मांडवावर. गणपती कोरडा बसला होता. माझ्या विटा विसर्जनाच्या आठवड्यात पडलेलं सगळं पाणी पिऊन बसल्या होत्या.

मी तिथेच आरडाओरडा केला. मॅनेजर म्हणाला, "शेठ, देवाच्या कामाला घेतलीय. तुम्हालाही पुण्य लागेल."

मी म्हणालो, "पुण्य मला लागू द्या साहेब, पण पाणी विटांना लागलंय."

भट्टीच्या विटेला पाणी लागणं वाईट नाही, ती काही विरघळत नाही. पण ते पाणी बाहेर काढायला वेळ द्यावा लागतो. नवं अस्तर झालं की आत बाभळीच्या लाकडांचा छोटा जाळ करायचा आणि तो दिवसेंदिवस हळूहळू वाढवायचा. विटांतलं आणि सांध्यांतलं पाणी भिंतीत सोडलेल्या भोकांतून वाफेने निघून जातं. एकदम मोठी आग दिली तर आतल्या पाण्याची आतच वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि ती विटेचं तोंड फोडून बाहेर येते. कोरड्या विटेला मी चार दिवस मागितले असते. भिजलेल्या म्हणून सात मागितले.

मॅनेजर म्हणाला, "तीन करा."

मी म्हणालो, "भाजी घेताय का साहेब? सात."

"दसऱ्याला अग्निप्रदीपन आहे. मुहूर्त काढलाय. चार करा."

अग्निप्रदीपन म्हणजे हंगामाआधी बॉयलर पेटवायचा समारंभ. आपल्याकडे तो लग्नासारखा होतो. मालक जोडप्याने पूजेला बसतात, प्रमुख पाहुणे येतात, मांडव, भाषणं, जेवण. दसऱ्यापर्यंत दिवस कमी होते हे खरं होतं. आणि इथे माझं जे चुकलं ते मी लपवत नाही. मी पाच म्हणालो. आयुष्यभर सात आणि तीनच्या मधे पाचला येऊन हात मिळवायची सवय. जीभ आपोआप तिथे गेली. आगीशी घासाघीस होत नाही हे मला त्या टेबलावरच्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं, तरी मी पाच म्हणालो. पण पाच दिवस नीट मिळाले असते तर काम निभावलं असतं. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. पाच दिवसांत मी याआधी भिजकी भट्टी सुकवलेली आहे.

अस्तर बांधून झालं आणि दसऱ्याच्या पाच दिवस आधी मी स्वतः जाळ घातला. दोन ओंडके, बास. बॉयलरवर एक म्हातारा अटेंडंट होता, आयुष्य बॉयलरवर काढलेला. सगळे त्याला मामा म्हणत. त्याला मी बसवून सांगितलं की दिवसाला किती लाकूड वाढवायचं, आणि मोठ्या फॅनला अजिबात हात लावायचा नाही. तो फॅन चिमणीकडे हवा ओढतो. तो सुरू झाला की ओंडक्याचा वणवा होतो.

मामा म्हणाला, "मला काय नवीन हाय का शेठ? सासू हाय ती. हळूहळूच तापवायची."

भट्टी सुकली की नाही हे बघायची माझी पद्धत साधी आहे. घरातून स्टीलचं एक झाकण नेतो. भिंतीतल्या भोकासमोर ते क्षणभर धरायचं. त्यावर थेंब धरले तर आत पाणी आहे. झाकण कोरडं राहिलं की आग वाढवा. पहिल्या दिवशी झाकणावरून पाणी निथळलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी थेंब बारीक झाले होते, पण होते. ते झाकण मी मॅनेजरला दाखवलं. त्याने मान हलवली आणि मग हळूच सांगितलं की प्रमुख पाहुण्यांना दसऱ्याला जमत नाही, म्हणून कार्यक्रम आजच दुपारी आहे.

माझा आवाज चढला. मी म्हणालो, पेटवायची नाही, काय वाटेल ते करा. मग तो मला बाजूला घेऊन गेला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "शेठ, पेटवणार कोण आहे? नुसता कापूर लावायचा. मालक आणि वहिनी आरती करतील, एक कापराची वडी आत टाकतील, फोटो होईल. तुमची लाकडं तशीच जळतील. माझा शब्द."

शब्द दिला म्हणजे विषय संपला, अशा घरात मी वाढलोय. मी हो म्हणालो.

दुपारी मांडव भरला. त्यावर माझीच ताडपत्री होती, तेवढंही मी गिळलं. सगळे गेल्यावर भट्टीजवळच थांबायचं असं ठरवून मी एका खांबाशी उभा होतो. मालक आणि त्यांच्या पत्नी पूजेला बसले. भट्टीच्या दाराला हार घातला. कापूर आत गेला. ठरल्याप्रमाणे झालं सगळं. प्रमुख पाहुण्यांनी वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, आत काही दिसतच नाही हो. लोक हसले. फोटोवाला म्हणाला, जाळ दिसला पाहिजे, नाहीतर फोटो काळा येईल. मी खांबापासून पुढे सरकलो, तेवढ्यात माईकवर माझं नाव पुकारलं.

मला आधी काही सांगितलेलं नव्हतं. निवेदक म्हणत होता, शून्यातून उभे राहिलेले आपल्या मातीतले उद्योजक, यांचा सत्कार. मला ढकलतच व्यासपीठावर नेलं. कुणी अंगावर शाल घातली, कुणी हातात नारळ दिला, डोक्यावर फेटा बांधला. खोटं कशाला बोलू, छातीला बरं वाटलं. आमच्या घरात फेटा लग्नात बांधतात. माती वाहणाऱ्याला कामासाठी कुणी बांधलेला मी तरी पाहिला नव्हता. मी हात जोडले आणि फोटोवाल्याकडे बघून हसलो.

त्याच वेळी पाठीमागे तो फॅन सुरू झाला.

ज्याने तो आवाज ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. आधी गुरगुर, मग एकसारखी घोंघों. माझ्या पाठीला ती आधी कळली, मग कानाला. मी वळलो तर भट्टीच्या दारातून जाळ बाहेर आला होता आणि टाळ्या चालू होत्या. कुणीतरी फावड्याने उसाचा सुका चोथा आत टाकत होतं. मी नारळ हातात घेऊनच खाली उतरलो. गर्दीतून वाट काढून भट्टीपर्यंत पोचायला वेळ गेला. मी मॅनेजरच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, फॅन बंद करा, आत पाणी आहे.

तो म्हणाला, "शेठ, आता कसा बंद करायचा? मालकांच्या हातची आग आहे. जोडप्याने लावलेली. विझवली तर काय म्हणतील लोक? हंगामाला अपशकुन."

मी मालकांच्या पत्नीकडे पाहिलं. त्या जाळाकडे बघत हात जोडून उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी. त्यांच्यासमोर आग विझवा म्हणून ओरडण्याची माझीही हिंमत झाली नाही. भांडखोर म्हणून जिल्ह्यात प्रसिद्ध असलेला माणूस त्या दिवशी गप्प बसला. ही माझी दुसरी चूक. तीही लिहून ठेवतो.

संध्याकाळपर्यंत वाफेचा काटा वर चढला. मालक खूश झाले, आता आग खाली आणायचीच नाही असं ठरलं. मी झाकण घेऊन भोकापाशी गेलो. वाफेचा असा फटकारा आला की झाकण हातातून पडलं.

गाळप सुरू झालं आणि आठव्या दिवशी कमानीचा मधला भाग खाली आला. मॅनेजरचा फोन आला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "तुमच्या विटा पडल्या."

भट्टी थंड झाल्यावर मी आत शिरलो. खाली पडलेले तुकडे एक एक करून पोत्यात भरले. कच्ची वीट आगीत हरते तेव्हा काचेसारखी होते, तिच्यावर ओघळ येतात, शेजारच्या विटेला चिकटते. या तुकड्यांवर एक ओघळ नव्हता. विटांची तोंडं पापुद्र्यासारखी उडाली होती आणि आतला भाग स्वच्छ पिवळा होता. एक अर्धी वीट दुसऱ्या अर्धीवर वाजवली. अर्धी असूनही वाजली. ही वाफेने फुटलेली वीट आहे, हे माझ्या प्रेसवर वर्षभर काम केलेला माणूसही सांगेल.

हे सांगायला मी पोतं घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो. मालक होते, मॅनेजर होता, चहा आला. मॅनेजर म्हणाला, अनुभवी पुरवठादाराने दमट विटा पाठवायला नको होत्या. ताडपत्री कुणी काढली, हे मी विचारलं. तो म्हणाला, कुठली ताडपत्री? मग माझं डोकं फिरलं. पोत्यातली एक अर्धी वीट काढली आणि म्हणालो, ही खराब आहे ना, मग बघा, आणि टेबलावर आपटली. टेबलावरची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. विटेचा कोपरासुद्धा गेला नाही.

मला वाटलं, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा. पण मालक उठून गेले आणि बैठक संपली. पुढच्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं. त्यात एक ओळ होती: पुरवठादाराच्या निकृष्ट दर्जाच्या विटांमुळे भट्टीची कमान कोसळली. खाली काचेचाही उल्लेख होता. सोबत समारंभाचा फोटो जोडलेला, मी फेटा बांधून हसतोय, मागे जाळ दिसतोय. पत्रात लिहिलं होतं की भट्टी पेटवण्याच्या वेळी पुरवठादार स्वतः उपस्थित होते व त्यांनी कोणतीही हरकत घेतली नाही.

त्या पत्राची प्रत कशी फिरली ते मला माहीत नाही. पण महिनाभरात सुप्याच्याच एका फाउंड्रीवाल्याने, ज्याची भट्टी मी तीनदा बांधली, मला चहा पाजून विचारलं, "हल्ली माती बदललीस का रे?" त्याने वाईट हेतूने विचारलं नाही. म्हणूनच ते जास्त लागलं. बॉयलरवाले तर फोनच करत नाहीत. या धंद्यात जाहिरात नसते. एका भट्टीची बातमी दुसऱ्या भट्टीला जाते, आणि माझी बातमी त्या एका ओळीने गेली. दुसऱ्याच्या मातीपासून सुरू केलं तेव्हा माझ्याकडे विटेचा तो आवाज एवढंच भांडवल होतं. आता मी वीट वाजवून दाखवतो तर समोरचा माझ्या तोंडाकडे बघतो.

मी मामाला गाठायचा प्रयत्न केला. तो हंगामभर मला टाळत होता. मी समोर दिसलो की त्याला बॉयलरच्या मागे काम निघायचं. हंगाम संपल्यावर त्याने नोकरी सोडली आणि एकदा कोल्हारच्या स्टँडवर भेटला. मीच चहा मागवला. बराच वेळ त्याने उसाबद्दल आणि गुडघ्याबद्दल बोलून घेतलं. मग स्वतःच विषय काढला.

"बटन मीच दाबलं शेठ. खोटं न्हाई बोलनार."

मी कप खाली ठेवला. बोललो असतो तर स्टँडवर गर्दी जमली असती.

"पन मी आपल्या मनानं दाबलं का? त्या मांडवात मॅनेजर सायबांनी हात वर केला. आदी ठरलं हुतं, हात वर झाला की फॅन. सकाळीच सांगितलं हुतं मला. म्या म्हनलं, शेठला इचारलं का? म्हनले, शेठचा सत्कार हाय, तो तकडं असंल."

मी त्याला विचारलं, हे लिहून देशील का. तो म्हणाला, सही नको, पण तुम्ही तुमचं लिवा, आता माझं काय जातंय.

घरी येऊन मी तो फोटो काढला. पत्र आल्या दिवसापासून तो मी नीट पाहिला नव्हता, कारण त्यातलं माझं हसणं मला बघवत नव्हतं. या वेळी मी स्वतःकडे बघितलं नाही. माझ्या डाव्या खांद्यामागे व्यासपीठाच्या पायरीशी इस्त्रीचा शर्ट उभा आहे. त्याचा उजवा हात अजून वर आहे, बोटं पसरलेली. तोंड पाहुण्यांकडे नाही, माझ्याकडेही नाही. ते बॉयलरकडे आहे. त्यांनीच जोडलेल्या पुराव्यात तो हात आहे, आणि इतके दिवस तो ना त्यांना दिसला, ना मला.

मी मॅनेजरला फोन केला. फोटोतला हात कशाला वर केला होता, एवढंच विचारलं. तो म्हणाला, मला आठवत नाही, बहुतेक वाढप्यांना पाण्याचं सांगत असेन. मी म्हणालो, वाढपी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यानंतर तो माझा फोन उचलत नाही.

बायको म्हणते, सोडून द्या, नवी भट्टी मिळेल, लोक विसरतात. लोक विसरतात हे खरं, पण कागद विसरत नाही. सत्काराची ती शाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी ऑफिसात खिळ्याला टांगून ठेवली आहे. नारळ वाढवलेला नाही. ताडपत्री अजून त्यांच्याकडेच आहे.

मी मोठं काही मागत नाही. नवीन काम मागत नाही, आणि मी फोडलेली काच मी बसवून देतो. मॅनेजर साहेब, त्या पत्रावर ज्या शिक्क्याखाली तुम्ही माझ्या विटांना निकृष्ट म्हणालात, त्याच शिक्क्याखाली एका ओळीत लिहून द्या की तुम्ही सकाळी मला कापराचा शब्द दिला होता, आणि दुपारी तो हात वर करून कुणाला खूण केली होती. तुम्हाला आठवत नसेल तर मालकांनी तुमच्याकडून उत्तर घ्यावं. त्यांच्या पत्नीसमोर घ्यावं, कारण आग त्यांच्या हातची होती आणि तिचा दोष माझ्या विटांवर आहे. पत्ता तुमच्याकडे आहे. मी उत्तराची वाट बघतोय.